अठ्ठेचाळीसची छाती आणि पहाटेचं वारं

डॉक्टर ज्या माणसाला सायकल चालवायला सांगतात, नेमके त्याच्याच मापाचे सायकलचे कपडे बाजारात मिळत नाहीत. उन्हाळ्यात निभावून जातं; ढगळ टी-शर्ट आणि ट्रॅक पँटवर भागतं. पण कार्तिकी झाली, उसाच्या फडांत गारठा उतरायला लागला, की पहाटे साडेपाचला बाहेर पडणाऱ्याचे हाल सुरू होतात. मग स्वेटर चढतो, त्यावर जर्किन चढतं, चार किलोमीटरवर आतून चिंब भिजायला होतं आणि परतताना त्याच घामानं हुडहुडी भरते. दोन-चार दिवसांत सायकल भिंतीला लागते ती संक्रांत उलटल्यावरच निघते. दर हिवाळ्यात माझ्या ओळखीतली माणसं अशी गळतात. मला ते लागतं, कारण मी शिंपी आहे आणि हा प्रश्न कात्रीनं सुटणारा आहे.

कुर्डुवाडीत आमचं दुकान वडिलांपासूनचं. १८९७ साली बार्शी लाइटची छोटी गाडी सुरू झाली तेव्हा या स्टेशनला बार्शी रोड म्हणत. त्या अडीच फुटी रुळांच्या गाडीनं गाव वाढवलं, रेल्वेचा कारखाना दिला. वडील रेल्वेच्या माणसांचे थंडीचे कोट शिवायचे. गँगमनचा कोट कापताना ते मागची बाजू पुढच्यापेक्षा दोन बोटं लांब ठेवत. वाकून काम करणाऱ्याचा कोट वर सरकतो आणि कंबर उघडी पडते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. रुळावरची माणसं बघून त्यांनी ठरवलं होतं. सायकलवरचा माणूसही सगळा वेळ वाकलेलाच असतो. माझी स्वतःची छाती ४८ इंच, पोट ५०. पहाटे पंढरपूर रस्त्यानं लऊळच्या बाजूला, नाहीतर बार्शी रस्त्यानं रिधोऱ्याकडे मी सायकल काढतो. त्यामुळं हा विषय मला टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे.

सोलापूर जिल्ह्यात कसली आलीय थंडी, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एवढंच बघावं. हवा १० अंशांवर आहे आणि सायकल ताशी २० किलोमीटरनं चालली आहे, तर उघड्या कातडीला ती थंडी सुमारे ७ अंशांची लागते. हे वारं पडलेलं असताना. समोरून वारं असेल तर आणखी. त्यात पाणी दिलेल्या उसाच्या पट्ट्यातून रस्ता गेला की गारवा अंगावरच येतो. बोटं, कान, गुडघे आणि छाती, या चार ठिकाणी तो झोंबतो.

जाड माणसाचं इथं गणित वेगळं आहे. मोठं शरीर पायडल मारताना जास्त उष्णता तयार करतं. ती बाहेर टाकायला त्या मानानं कातडी कमी असते आणि कातडीखालची चरबी ती आत धरून ठेवते. म्हणून धड लवकर तापतं, घामही जास्त येतो. बोटं, कान आणि गुडघे मात्र बारीक माणसासारखेच गार पडतात. अशा माणसानं जाड जॅकेट घालणं म्हणजे घाम कोंडून घेणं. त्याला हवं पुढून वारं अडवणारं आणि मागून वाफ सोडणारं हलकं कापड, आणि हातापायांना बेताचं पांघरूण. निघताना थोडं गार वाटलं पाहिजे. दहा मिनिटांत अंग तापतं. टूर द फ्रान्समधले जुने सायकलपटू घाटमाथ्यावर पोचले की उतरणीआधी जर्सीच्या आत वर्तमानपत्र खुपसायचे. आमच्याकडचे दूधवाले मोटारसायकलवर स्वेटरच्या आत हेच करतात. छातीवरचं वारं अडलं की निम्मं काम झालं.

अंगालगतचं कापड सुती नको. वाळलेलं १०० ग्रॅम सूत साध्या दमट हवेतूनच आठेक ग्रॅम पाणी ओढतं. पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही ओढत नाही. घामानं भिजलेला सुती बनियन छातीला चिकटून बसतो आणि वाळत नाही. पॉलिस्टरच्या विणीतून घाम बाहेरच्या बाजूला सरकतो आणि उडून जातो. लोकर ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही, पण आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड तंतूची. घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही, उघड्या अंगाला मात्र ती टोचते. बारीक तंतूची मेरिनो लोकर चांगली, पण महाग आणि मोठ्या मापात दुर्मीळ. म्हणून मी गिऱ्हाइकाला डॉट निट घ्यायला सांगतो. खेळाच्या टी-शर्टांचं ते बारीक छिद्रांचं कापड सोलापुरात ताग्यानं मिळतं.

आता मापाकडे येतो, कारण खरी अडचण तिथं आहे. कारखान्यात एका मधल्या मापाचा नमुना बनतो आणि बाकीची मापं त्यावरून ठराविक इंच वाढवत काढतात. माणूस असा सगळीकडून सारखा वाढत नाही. पोट दहा इंच वाढलं म्हणून खांदा तेवढा रुंदावत नाही, हात लांबत नाही. म्हणून पोटाला बसेल असं ट्रिपल एक्सएल जर्किन घेतलं की खांदा दंडावर उतरतो, बाही बोटांवर येऊन ब्रेकच्या आड येते आणि बगलेतलं मोकळं कापड वाऱ्यात फडफडतं. सायकलचे म्हणून जे कपडे येतात ते बहुतेक शर्यतीच्या बेताचे, अंगाबरोबर. इटालियन बेताचं एक्सएल आपल्याकडच्या एलएवढं भरतं. आपल्या देशातल्या बऱ्याच कंपन्या आजवर अमेरिका-इंग्लंडच्या तक्त्यांवरूनच कापड कापत आल्या. म्हणून तर केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयानं निफ्ट या संस्थेकडून ‘इंडिया साइझ’ नावाची मोजणी हाती घेतली: मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग या सहा शहरांत, १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांवर माणसांची मापं यंत्रानं घ्यायची. काम मोलाचं आहे. फक्त माझ्यातल्या शिंप्याला वाटतं, त्यात उसाच्या पट्ट्यातलं एखादं तालुक्याचं गावही असायला हवं होतं; आमच्याकडची अंगकाठी मुंबईची नाही.

परदेशात या अडचणीवर वेगळी दुकानं निघाली. इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये ‘फॅट लॅड ॲट द बॅक’ नावाची कंपनी खास मोठ्या अंगाच्या सायकलस्वारांसाठी उभी राहिली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातली ‘एरो टेक डिझाइन्स’ मोठमोठ्या मापांत शिवते. तिथून मागवायचं तर टपाल आणि जकात धरून किंमत आपल्या आवाक्याबाहेर जाते, आणि माप चुकलं तर परत पाठवणार कसं? हिवाळ्यात मोठ्या गावांतून तिबेटी विक्रेते बसतात, त्यांच्याकडचा बराचसा माल लुधियानाचा. त्यांच्याकडे मोठी मापं असतात आणि वागणूक गोड असते. हातमोजे, पातळ कानटोपी, लोकरी पायमोजे तिथून खुशाल घ्यावेत. पायमोज्यांचे दोन जोड चढवून बूट आवळू नये, रक्त फिरायचं थांबतं आणि पाय जास्त गार पडतात. बाकीचं शिवून घ्यावं, किंवा तयार घेऊन उसवावं.

शिवायचं कसं, ते सविस्तर सांगतो. गिऱ्हाइकाला मी सायकल घेऊनच बोलावतो. दुकानासमोर स्टँडवर लावतो, त्याला बसवतो, हात हँडलवर ठेवायला सांगतो आणि मग टेप काढतो. मानेखालच्या उंचवट्याच्या हाडापासून बैठकीपर्यंतचं अंतर उभ्यापेक्षा वाकल्यावर तीन-साडेतीन इंचांनी वाढतं. तेवढीच पुढची उंची कमी होते. म्हणजे पाठ लांब, पोट आखूड. पुढं जास्त कापड राहिलं तर ते पोटावर गोळा होतं आणि चेनची लाट उठून छातीत वारं शिरतं. चेन शक्यतो दोन्हीकडून उघडणारी घ्यावी. वाकल्यावर खालून चार बोटं उघडली की पोट मोकळं होतं. पुढचा भाग विंडचीटरच्या पातळ टाफेट्याचा, पाठ डॉट निटची, बाही नाही. असं बिनबाह्यांचं जाकीट आणि हातांना लायक्राच्या वेगळ्या बाह्या. ऊन वर आलं की बाह्या उतरवून खिशात टाकता येतात. दंड जाड असेल तर तयार बाह्यांची वरची कड रुतते आणि वळ उठतो. तिथं शिवण उसवून लायक्राची तिकोनी कळी टाकली की झालं. ताणणारं कापड साध्या सरळ टाक्यानं शिवू नका, पहिल्याच ताणाला दोरा तुटतो. ओव्हरलॉक किंवा झिगझॅग टाका आणि गोल टोकाची सुई पाहिजे.

तयार जर्सी छातीला पाच-सहा इंच कमी पडत असेल तरी ती वाया जात नाही. दोन्ही बाजूंच्या शिवणी बगलेपासून खालपर्यंत उसवायच्या आणि तीन-तीन इंचांच्या लायक्राच्या पट्ट्या भरायच्या. पट्टी बाहीच्या खालूनही न्यायची, नाहीतर मुंढा आवळतो. पँटला कमरेत बारीक इलॅस्टिक नको, वाकल्यावर ते पोटात रुततं. चार इंची रुंद पट्टी लावावी आणि मागून ती वर चढवावी. बसायची गादी मात्र शिवायच्या भानगडीत पडू नये. तयार गादीची आतली चड्डी घ्यावी, मांडीला रुतत असेल तर तिलाही कळी.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गावातल्या एक शिक्षिका आल्या. शाळेआधी सायकल चालवतात. बायकांची मापं माझी बायको घेते. आमच्या धंद्यात एकानं टेप धरून आकडा सांगायचा आणि दुसऱ्यानं लिहायचा अशी पद्धत. टेप कमरेला गेल्यावर त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “ताई, आकडे मोठ्यानं नका ना सांगू.” बायकोनं वही आणि पेन्सिल त्यांच्याच हातात दिली. “तुम्हीच बघा मॅडम, तुम्हीच लिहा.” तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येकाचं माप ज्याचं त्यानं लिहायचं, पुरुषांचंही. माझ्या मते दुकानदारांनी यावर विचार करावा. मोठं माप मागायला आलेल्या माणसाला “तुमचं नाही हो यात” असं चारचौघांत ऐकावं लागतं, आणि सायकल सुटते ती पुष्कळदा तिथंच सुटते.

मॅडमना जर्सी मागून बैठक झाकेल एवढी हवी होती. दोन्ही बाजूंना चिरे ठेवले, म्हणजे ती सीटच्या टोकात अडकत नाही. मागचे खिसे सगळीकडे असतात तसे पाठीच्या मधोमध न लावता बाजूला सरकवले, कारण खांदा भारी असला की हात तिथपर्यंत वळत नाही.

आणि रेडियमची पट्टी. आमच्याकडे थंडी आणि उसाचा हंगाम एकदमच येतात. पहाटे टेंभुर्णीच्या, पंढरपूरच्या रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, त्यात धुकं. चमकदार पोपटी कापड दिवसा उठून दिसतं, अंधारात त्याचा उपयोग नाही. दिव्याचा उजेड परत फेकणारी पट्टीच लागते. ती पाठीवर खाली, कमरेच्या रेषेत लावा, आणि दोन्ही घोट्यांवर जरूर लावा. वरखाली हलणारे घोटे दिसले की मागच्या चालकाला सायकलवर माणूस आहे हे लगेच कळतं.

सोलापूर शाळा-कचेऱ्यांचे गणवेश शिवून देशभर पाठवतं, चादर आणि टॉवेल तर जगाला माहीत आहेत. कटिंगचे हात इथं आहेत, कापड इथं आहे. ४४ ते ५६ छातीचा, पाठ लांब आणि पोट आखूड असा सायकलचा एक नमुना इथल्या एखाद्या कारखान्यानं कायमचा कापून ठेवला, तर मराठवाड्यापासून कोल्हापूरपर्यंत गिऱ्हाईक आहे. माझे कागदी नमुने मी कुणालाही उतरवून द्यायला तयार आहे.

तोवर आपापल्या गावातल्या शिंप्याकडे जा. फक्त दसरा ते दिवाळी जाऊ नका, तेव्हा कुणाला मान वर करायला सवड नसते. गणपती झाल्याबरोबर जा, कापड स्वतः घेऊन जा, आणि सायकल बरोबर न्या. पहिलं जाकीट घालून आठवडाभर चालवा आणि मग एकदा परत दाखवा. शिंप्याला आत दीड इंच माया सोडायला आधीच सांगून ठेवलं असेल तर सैल-घट्ट दोन्ही करता येतं.