विश्लेषण : गाडीला पीपीएफ लावायची की नाही? पैसे कुठे सत्कारणी लागतात, कुठे वाया जातात?

नवी गाडी ठरली की विम्यानंतर पुढचा प्रश्न हमखास येतो, 'पीपीएफ करून घेणार का?' पेंट प्रोटेक्शन फिल्म म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. गाडीचा आकार आणि फिल्मचा दर्जा यानुसार संपूर्ण गाडीचा खर्च साधारण ६० हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत जातो. एवढ्या पैशांत काय मिळते आणि काय मिळत नाही, हे समजून घेऊ.

पीपीएफ नेमके काय करते?

चांगली पीपीएफ थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, म्हणजेच टीपीयू या लवचिक प्लास्टिकची असते. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअर कोटपर्यंतचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. म्हणजे ही फिल्म बहुतेकदा रंगापेक्षाही जाड असते. महामार्गावर पुढच्या डंपरमधून उडालेली खडी बोनेटवर आदळली, तर फिल्म दबते आणि धक्का स्वतःत जिरवते. रंगाचा टवका उडत नाही.

सिरॅमिक कोटिंग हे काम करू शकत नाही. त्याचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा असतो. त्याने चकाकी येते, पाणी आणि धूळ लवकर निघते, पण दगड अडत नाही. दोन्ही गोष्टी एकच असल्यासारख्या विकल्या जातात, तिथे सावध राहा.

ओरखडे आपोआप भरतात का?

काही अंशी. फिल्मच्या वरच्या थरावर फडक्याने पडलेल्या बारीक रेघा उन्हाने किंवा गरम पाण्याने भरून येतात. किल्लीने खोल कोरले किंवा फिल्म फाटली, तर ती भरत नाही. तेवढ्या पॅनलवरची फिल्म बदलावी लागते. पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचा दरवाजा जोरात लागला, तर रंग वाचेल, पण पत्र्याला पोचा येणारच.

टीपीयू, टीपीएच, पीव्हीसी : फरक काय?

खरी फसगत इथे होते. पीव्हीसी मुळात कडक असते. ती मऊ राहावी म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळतात. ऊन-पावसात ते हळूहळू निघून जाते, मग फिल्म कडक होते, पिवळी पडते, तडकते आणि काढताना तुकड्या-तुकड्यांनी निघते. 'टीपीएच' नावाने विकली जाणारी फिल्म बहुतेकदा अशी मऊ केलेली पीव्हीसीच असते. भाव निम्म्यावर येत असेल, तर साहित्य कोणते ते आधी विचारा. नमुन्याचा तुकडा ताणून पाहा. टीपीयू ताण सोडल्यावर बऱ्यापैकी मूळ आकारात येते, पीव्हीसी ताणलेलीच राहते.

संपूर्ण गाडी की फक्त पुढचा भाग?

दगड सगळीकडे सारखे लागत नाहीत. बंपर, बोनेट, पुढचे फेंडर, आरसे आणि चाकांमागचा खालचा भाग यांना सर्वाधिक मार बसतो. शहरी वापरात दरवाजांच्या कडा, हँडलमागची खोलगट जागा आणि सामान चढवताना घासणारी डिकीची कड खराब होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नेहमी ये-जा असेल, तर पुढचा भाग झाकणे शहाणपणाचे. गाडी मुख्यतः ऑफिस आणि घर एवढीच फिरत असेल, तर या मोजक्या जागांवर बऱ्याच कमी खर्चात भागते. छतावर फिल्म लावण्याची निकड सर्वात कमी.

मग सरळ पॅनल पुन्हा रंगवून का घेऊ नये? ते स्वस्त पडते, हे खरे. पण कारखान्यात नुसत्या पत्र्यावरचा रंग भट्टीत १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजला जातो. तयार गाडीत वायरिंग आणि प्लास्टिक असल्याने गॅरेजमध्ये साधारण ६० अंशांवरच थांबावे लागते. शिवाय छटा तंतोतंत जुळवणे अवघड. पीपीएफ वाचवते तो हा मूळ रंग.

बसवताना काय पाहावे?

फिल्म उत्तम असली तरी हात कच्चा असेल तर पैसे पाण्यात. आधी गाडी धुऊन, क्ले बारने चिकट कण काढून, गरजेनुसार पॉलिश करतात. मग साबणाच्या पाण्यावर फिल्म सरकवत बसवतात आणि स्क्वीजीने पाणी बाहेर काढतात. खोलीत धूळ असेल तर कण फिल्मखाली कायमचे अडकतात.

सर्वात मोठा धोका ब्लेडचा. गाडीवरच फिल्म कापताना पाते खोल गेले, तर ज्या रंगासाठी खर्च केला त्यावरच रेघ उमटते. म्हणून शक्यतो मॉडेलच्या मापाने प्लॉटरवर आधीच कापलेली फिल्म मागा. पॅनल पूर्वी रंगवलेले असेल तर ते आधीच सांगा. तिथे फिल्म काढताना रंगाचे पोपडे निघू शकतात.

पाण्याचे छोटे फुगे पहिल्या काही दिवसांत जिरतात. तोवर, म्हणजे साधारण आठवडाभर, गाडी धुऊ नका. नंतरही प्रेशर वॉशरचा फवारा फिल्मच्या कडेवर थेट मारू नका. पक्ष्यांची विष्ठा लगेच पुसा, फिल्मवरही डाग पडतो.

पैसे देण्याआधी हे विचारा

- फिल्म टीपीयूच आहे का? रोलचा क्रमांक बिलावर आणि वॉरंटी कार्डावर लिहून मिळेल का?
- वॉरंटीत पिवळेपणा, तडे, फुगे आणि कडा सुटणे यांपैकी काय धरले आहे? मजुरी कोण देणार?
- कडा आत दुमडणार की काठावर कापणार?
- अपघातानंतर एका पॅनलची फिल्म बदलायला किती लागतील? विमा कंपनी हा खर्च देईल असे गृहीत धरू नका, पॉलिसीत नोंद होते का ते विचारा.
- फिल्म रंगीत आहे का? पारदर्शक फिल्मने गाडीचा रंग बदलत नाही. रंगीत फिल्मने बदलतो, आणि आरसीवर वेगळा रंग असेल तर आधी आरटीओची परवानगी लागते.

उत्तरे तोंडी नकोत, बिलावर लेखी घ्या. पाच वर्षांनी फिल्म पिवळी पडली, तर तोच कागद कामाला येईल.