टेबलावरची छोटी लाइन

जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची गाडी आपण ग्वाल्हेरकर पाहुण्यांना हौसेनं दाखवतो. पण आपली खरी छोटी लाइन, ग्वाल्हेर–श्योपुर, 2020 साली थांबली. 610 मिमी गेजच्या जागी ब्रॉडगेज आलं, की जुन्या स्टेशनांपैकी किती उरतील?

म्हणून मी एक स्टेशन पुठ्ठ्यात बांधायला घेतलं. प्रमाण 1:87. नकाशा नव्हता. स्टेशनमास्तरांना विचारून भिंतीला 1 मीटरची काठी टेकवली आणि अगदी समोरून फोटो काढले. काठीवरून बाकीची मापं निघतात.

तरी पहिलं दार अंदाजानंच कापलं, 35 मिमी. म्हणजे खरं दार 3 मीटरचं! शेजारी उभा केलेला हमाल शाळकरी पोर वाटला. 2.1 मीटरच्या दाराला 24 मिमीच हवेत.

दारं-खिडक्या आधी कापाव्यात, भिंती मग जोडाव्यात. आतून लाकडी पट्ट्या लावाव्यात, नाहीतर फेविकॉलच्या ओलीनं पुठ्ठा वाकतो. विटांच्या लाल रंगात थोडा राखाडी मिसळावा. नुसता लाल खेळण्यासारखा दिसतो.

तयार झाल्यावर आईला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "अरे, बाक कुठाय? तुझे आजोबा तिथंच बसायचे गाडीची वाट बघत."

माझ्या एकाही फोटोत बाक नव्हता. काड्यापेटीच्या काड्यांचा केला, ती सांगेल तिथं ठेवला.

तुम्हीही मापं घ्यायला जाल, तेव्हा काठीबरोबर घरातलं एखादं वडीलधारं माणूस न्या.