फिरते घर, जनित्र आणि हवेची वाट

घराला चाके लावली म्हणून घराच्या गरजा कमी होत नाहीत. बेंगळुरूहून कोडगू, चिक्कमगळूरू किंवा हंपीच्या दिशेने निघालेले निवासवाहन, ज्याला सामान्यतः कॅरव्हॅन म्हणतात, रात्री एखाद्या मोकळ्या जागी उभे राहते आणि त्याचे मुख्य इंजिन बंद होते. दिवे, पंखे, शीतकपाट व वातानुकूलन यंत्र यांना मात्र वीज हवीच असते. दिवे आणि पंखे बॅटरीवर चालू शकतात. वातानुकूलनाचा भार रात्रभर पेलणे लहान बॅटरीला शक्य नसते. म्हणून अनेक वाहनांत डिझेलवर किंवा पेट्रोलवर चालणारे छोटे विद्युत् जनित्र बसविले जाते. चित्रीकरणस्थळी कलावंतांसाठी उभ्या राहणाऱ्या गाड्या आणि फिरते दवाखाने यांतही हीच व्यवस्था आढळते.

हे जनित्र बहुधा वाहनाच्या तळाशी किंवा मागील बाजूस, पत्र्याच्या कप्प्यात ठेवलेले असते. धूळ व पाऊस आत येऊ नये, आवाज बाहेर जाऊ नये आणि चोराचा हात पोचू नये, यासाठी कप्पा जितका बंद तितका चांगला, असे तो बनविणाऱ्या कारागिरास वाटणे स्वाभाविक आहे. जनित्राची गरज नेमकी याच्या उलट असते.

या विरोधाचे मूळ उष्णतेच्या हिशेबात आहे. पाच किलोव्होल्ट-अँपिअर क्षमतेचे डिझेल जनित्र पूर्ण भारावर साधारणपणे ४ किलोवॅट वीज देते. इतक्या लहान यंत्रात इंधनातील ऊर्जेचा सुमारे चौथा हिस्सा विजेच्या रूपाने हाती लागतो. म्हणजे ४ किलोवॅट विजेसाठी १६ किलोवॅट ऊर्जा खर्ची पडते आणि १२ किलोवॅट उष्णता उरते. तिच्यातील ५ किलोवॅट धुराबरोबर नळीतून निघून जाते असे धरले, तरी ७ किलोवॅट उष्णता इंजिन व जनित्राभोवतीच्या हवेला वाहून न्यावी लागते. एक किलोवॅटच्या सात विजेच्या शेगड्या एका कपाटात ठेवून दार लावून घ्यावे, तशीच ही स्थिती होय.

कप्प्यातून जाताना हवेचे तापमान १५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक वाढू द्यावयाचे नाही असे ठरविले, तर बेंगळुरूमध्ये या जनित्राला दर सेकंदास सुमारे ४४० लिटर हवा लागेल. २०० लिटरची दोन पिंपे भरूनही काही उरेल, एवढी हवा प्रत्येक सेकंदाला आत आली पाहिजे आणि तेवढीच बाहेर गेली पाहिजे.

येथे बेंगळुरूचा उल्लेख सहेतुक केला आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथील हवा मुंबईच्या किंवा मंगळूरूच्या हवेपेक्षा जवळजवळ एक दशांशाने विरळ असते. पंखा हवा ढकलतो ती आकारमानाने. उष्णता वाहून नेली जाते ती हवेच्या वस्तुमानाने. म्हणून तोच पंखा त्याच वेगाने फिरत असूनही पठारावर कमी उष्णता नेतो. शिवाय विरळ हवेत इंजिनाला प्राणवायूही कमी मिळतो. अशा इंजिनावर समुद्रकिनाऱ्याइतकाच भार टाकला, तर इंधन पूर्ण जळत नाही, काळा धूर येतो आणि धुरातील विषारी वायूचे प्रमाण वाढते. बेंगळुरूची हवा थंड असते, या समजुतीवरही फार विसंबून चालणार नाही. २४ एप्रिल २०१६ रोजी या शहराचे तापमान ३९.२ अंशांवर गेले होते. आत येणारी हवाच ३९ अंशांची असेल, तर बाहेर पडणारी हवा ५४ अंशांची होईल.

तेव्हा कप्प्याला झरोके हवेत हे उघड आहे. परंतु किती मोठे आणि कोठे, हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. झरोक्यातून हवा सेकंदाला अडीच मीटर वेगाने यावी असे धरले, तर वरील उदाहरणात सुमारे ४५ सेंटिमीटर लांब व ४० सेंटिमीटर रुंद इतकी मोकळी जागा लागते. मोकळी या शब्दावर भर द्यावयास हवा. पत्र्याच्या तिरप्या पट्ट्या किंवा बारीक जाळी बसविली की झरोक्याचा मोठा भाग अडतो. निम्मा भाग अडला, तर झरोका दुप्पट करावा लागतो. आवाज शोषण्यासाठी आतून लावलेले अस्तर हवेच्या वाटेत येत असेल, तर तेही हिशेबात धरावे लागते. जनित्राच्या निर्मात्याने झरोक्याचे माप दिलेले असल्यास ते किमान समजून पाळावे हे उत्तम.

झरोक्याच्या जागेबाबत नियम सोपा आहे. हवा एका बाजूने यावी, यंत्रावरून जावी आणि दुसऱ्या बाजूने निघून जावी. दोन्ही झरोके शेजारी शेजारी ठेवल्यास बाहेर पडलेली गरम हवा लगेच पुन्हा आत ओढली जाते. पंखा फिरत असतो, हवाही वाहत असते. तरीही यंत्र तापतच जाते. म्हणून गरम हवेचा मार्ग पत्र्याच्या बोगद्याने थेट बाहेर काढावा आणि त्याच्या सांध्यांत फट ठेवू नये.

येथवरचा विचार यंत्राच्या जिवाचा झाला. यापुढील विचार माणसाच्या जिवाचा आहे. जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने जोडला जातो आणि झोपलेल्या माणसाला जागे होण्याची संधीच देत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत आढळली. पुढे तज्ज्ञांनी तेच जनित्र चालवून चाचणी घेतली, तेव्हा त्याचा विषारी वायू वाहनात शिरत असल्याचे दिसून आले.

यावरून मांडणीचे सूत्र स्पष्ट होते. थंड करणारी हवा, जळालेला धूर आणि माणसांच्या श्वासाची हवा, या तिन्हींच्या वाटा कोठेही एकत्र येता कामा नयेत. जनित्राचा कप्पा व निवासाची खोली यांमधील भिंत अखंड असावी. तारा व नळ्या नेण्यासाठी पाडलेले प्रत्येक भोक आगीत न जळणाऱ्या पदार्थाने बुजवावे. धुराची नळी वाहनाच्या तळाखाली संपू नये. ती वाहनाच्या कडेबाहेर, खिडक्या व झरोक्यांपासून दूर निघावी. रस्त्यावरील हादऱ्यांनी नळीचे सांधे सैल होतात, म्हणून त्यांची तपासणी वारंवार करावी.

कप्पा तयार झाल्यावर परीक्षा घेणे कठीण नाही. जनित्र पूर्ण भारावर तासभर चालवावे आणि आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. दोहोंतील फरक वाढतच राहिला, तर हवा अपुरी आहे असे समजावे. आत येणारी हवाच बाहेरच्या हवेपेक्षा गरम आढळली, तर गरम हवा परतून येत आहे. हीच परीक्षा वाहन भिंतीलगत उभे करूनही घ्यावी, कारण मोकळ्या मैदानात निर्दोष ठरलेला झरोका भिंतीजवळ निरुपयोगी ठरू शकतो. निवासाच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र असावे. आणि ते असले तरी सर्वजण झोपण्यापूर्वी जनित्र बंद करावे.

जनित्राचा आवाज बंद कप्प्याने कमी होतो, हे खरे. परंतु शांत चालणारे जनित्र आणि सुरक्षित चालणारे जनित्र या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली कानाला कळते. दुसरीची खात्री मोजून व तपासूनच करून घ्यावी लागते.