कचेरी घरीं येते तेव्हां

व्यापाराच्या गांवाला दूरच्या माणसांशीं बोलत राहिल्यावांचून गत्यंतर नसतें. जालना हें असेंच गांव आहे. कुंडलिकेच्या कांठचें हें शहर १९८१ सालीं स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण झालें. त्याची बाजारपेठ मात्र त्याहून फार जुनी. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापिली आणि संकरित बियाण्यांचा धंदा या भागांत रुजला.

संकरित कापसाचें बियाणें तयार करतांना मादी वाणाच्या कळींतील पुंकेसर आदल्या दिवशीं दुपारनंतर हातानें काढावे लागतात आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिच्यावर नर वाणाचा पराग लावावा लागतो. शेतांत उभ्या असलेल्या माणसाला शंका आली, तर उत्तर रातोरात हवें. चार दिवसांनीं आलेलें पत्र काय कामाचें! एके काळीं अशा वेळीं तार करीत किंवा ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसत. ती सरकारी तार २०१३ च्या जुलै महिन्यांत कायमची बंद झाली. आतां तोच माणूस फुलाचें छायाचित्र पाठवूं शकतो, कचेरींतील तज्ज्ञ तें पाहतां पाहतांच त्याच्याशीं बोलूं शकतो, आणि झालेला निर्णय लगेच सर्वांना लेखी कळूं शकतो.

टेलिफोन, पत्र, निरोप, सभा आणि कागदपत्रें हीं सर्व एकाच यंत्रावर आणणाऱ्या या योजनेस एकत्रित संपर्कव्यवस्था म्हणावें. तिचें रहस्य कठीण नाहीं. टेलिफोनच्या रूढ पद्धतींत आवाजाची सेकंदाला ८,००० वेळां मोजदाद होते. त्या आंकड्यांच्या लहान लहान पुड्या, बहुधा सेकंदाला ५०, बांधून प्रत्येकीवर पत्ता घालतात. पत्र आणि चित्र यांच्याही अशाच पुड्या होतात; म्हणून सर्वांना एकच वाट पुरते. मात्र आवाजाची पुडी सुमारें १५० सहस्रांश सेकंदांच्या आंत पोंचली पाहिजे, नाहीं तर दोघेही एकदम बोलूं लागतात आणि संभाषण अडखळतें.

याच व्यवस्थेंत नांवापुढें एक हिरवा ठिपका दिसतो. माणूस जाग्यावर आहे, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या मतें सारी मेख या ठिपक्यांत आहे.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि पुष्कळांची कचेरी घरीं आली. आमच्या परिचयाच्या जालन्यांतील एका एकत्र कुटुंबांत धाकटी सून तेव्हांपासून माडीवरच्या खोलींतून पुण्याच्या एका कचेरीचें काम करते. सभा चालूं असतां खालून सासूबाईंची हांक येई, "अगं, घरींच तर आहेस, पानें तेवढीं घे." आणि रात्रीं नऊ वाजतां वरिष्ठांचा निरोप येई, "तुम्ही घरींच आहांत, एवढें आज पाहून टाका." दोन्हीकडचें म्हणणें एकच! घरीं असणें म्हणजे मोकळें असणें, असें उभयतांनीं गृहीत धरलें होतें.

एके दिवशीं सून जिन्यांतच बसून रडली. सासूबाई निवृत्त शिक्षिका. रात्रीं त्या सर्वांदेखत म्हणाल्या, "माझा तास चालूं असतां मला कुणी वर्गांत येऊन हांक मारली नव्हती. आणि शाळा सुटल्यावर हेडमास्तरही घरीं येत नसत." दुसऱ्या दिवसापासून खोलीचें दार लागलें कीं तास चालूं, असें घरांत ठरलें, पानें मुलगे घेऊं लागले. सुनेनेंही वरिष्ठांना लिहून टाकलें कीं, सायंकाळीं सातनंतर ठिपका विझेल; अगदींच नड असेल तर फोन करावा. नोकरी गेली नाहीं. पुढें वर्षभरांत तसा फोन दोनदांच आला.

फ्रान्समध्यें २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना, कामाच्या वेळेबाहेर संपर्क बंद ठेवण्याच्या हक्काविषयीं नोकरवर्गाशीं बोलणीं करणें कायद्यानें भाग पडलें आहे. आपल्या घरांनीं कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. कापसाची कळी सकाळपलीकडे थांबत नाहीं; तिच्यासाठीं रात्रीं जागावें. पण कचेरींतला प्रत्येक कागद म्हणजे कळी नव्हे.