मेस्टन निवाडा आणि गांवची नीवी

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत हिशेबाच्या तीन संज्ञा येतात : आय, व्यय आणि नीवी. आय म्हणजे जमा, व्यय म्हणजे खर्च, आणि वजाबाट झाल्यावर उरते ती नीवी. कोणताहि जुना जमाखर्च हातीं आला असतां प्रथम हें पाहावें कीं, यांत व्यय कोणाचा धरला आहे आणि नीवी कोणाच्या पदरीं पडली आहे. वरिष्ठ सरकारचें करधोरण व गांवांतील लोकोपयोगी कामें यांचा संबंध या एका प्रश्नानें बराच उकलतो. वऱ्हाडच्या, विशेषतः अरुणावतीच्या कांठच्या आर्णीसारख्या गांवाच्या दृष्टीनें तो येथें तपासावयाचा आहे.

पेशवाईंतील गांवजमाबंदीच्या कागदांत एकूण बेरजेंतून गांवखर्च वजा घालून बाकी सरकारांत भरण्याचा क्रम दिसतो. देवस्थानची पूजा, उत्सव, अतिथिअभ्यागत, फकीर, चावडी, गांवकुसाची डागडुजी हीं कलमें त्यांत येत. या खर्चास सरकारची मर्यादा असे, आणि पाटील-कुळकर्ण्यांनीं तो वाढविल्याच्या तक्रारीहि दप्तरांत आहेत. तेव्हां ही व्यवस्था निर्दोष होती असें म्हणण्याचा हेतु नाहीं. मुद्दा केवळ क्रमाचा आहे. गांवचा व्यय आधीं, सरकारची नीवी मागाहून.

वऱ्हाडांत हा क्रम पुढें उलटला. इ. स. १८५३ च्या तहानें हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत आला तो निजामाकडील कंटिंजंट फौजेच्या खर्चाची तरतूद म्हणून. अर्थात् वसुलावर पहिला हक्क फौजेचा ठरला. १९०२ च्या करारानें वार्षिक २५ लक्ष रुपये खंड ठरवून वऱ्हाडचा कायमचा पट्टा घेण्यांत आला व १९०३ सालीं तो मध्यप्रांतास जोडला गेला. आर्णी त्या काळीं दारव्हे तालुक्यांत मोडे. जिल्ह्यास आधीं वणीचें नांव होतें, तें १९०५ पासून यवतमाळ झालें.

हिंदुस्थान सरकारनें खालच्या सरकारांस खर्चाची मोकळीक देण्याचा आरंभ लॉर्ड मेयो यांच्या १४ डिसेंबर १८७० च्या ठरावानें केला. पोलीस, तुरुंग, शिक्षण, दवाखाने, रस्ते इत्यादि खातीं ठराविक रकमेसह प्रांतांकडे सोंपविलीं. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. परंतु कराची किल्ली वरच राहिली. या सर्व इतिहासाचें विवेचन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील १९२५ सालच्या इंग्रजी ग्रंथांत आहे. संग्राहकांनीं तो अवश्य जवळ ठेवावा.

१९१९ च्या कायद्यानें शिक्षण, आरोग्य व स्थानिक स्वराज्य हीं खातीं लोकनियुक्त मंत्र्यांकडे आलीं. त्याबरोबर उत्पन्नाचीहि विभागणी झाली. जमीनमहसूल, अबकारी, मुद्रांक, जंगल हीं प्रांतांस मिळालीं. सीमाशुल्क, प्राप्तिकर, मीठ व अफू हीं मध्यवर्ती सरकारनें ठेविलीं. त्यामुळें वरच्या सरकारास जी तूट येणार होती ती भरण्यासाठीं १९२० सालीं लॉर्ड मेस्टन यांच्या समितीनें प्रांतांवर एकंदर ९८३ लक्ष रुपयांची वर्गणी बसविली. पैकीं मद्रासवर ३४८ लक्ष, मुंबईवर ५६ लक्ष आणि मध्यप्रांत-वऱ्हाडवर २२ लक्ष होती. ही वर्गणी प्रांताच्या उत्पन्नावरील अग्रहक्काचा बोजा होती. शाळा, दवाखाने व लोकलबोर्डें यांस जें मिळावयाचें तें त्यानंतर.

२२ लक्षांचा आंकडा इतरांच्या मानानें लहान दिसतो. खरी अडचण निराळीच होती. जमीनमहसूल दीर्घ मुदतीच्या बंदोबस्तानें बांधलेला, त्यामुळें तो खर्चाबरोबर वाढेना. अबकारी वाढवावी तर दारूच्या पैशावर शाळा चालविल्याचा दोष येई. उलट कापसाच्या व्यापारांत नफा झाला तर त्यावरील प्राप्तिकर मुख्यतः मध्यवर्ती तिजोरींत जाई. सारांश, वाढणारा कर वर आणि वाढणारा खर्च खालीं! प्रांतिक वर्गण्या १९२८-२९ पर्यंत पूर्णपणें उठल्या. १९३६ च्या नीमेयर निवाड्यानें प्राप्तिकराचा निम्मा भाग प्रांतांस देण्याचें तत्त्व ठरलें. त्या भागांत मध्यप्रांत-वऱ्हाडचा हिस्सा शेंकडा ५ होता.

आज आर्णी हें तालुक्याचें ठिकाण असून तेथें नगरपरिषद आहे. नळाचें पाणी, दिवाबत्ती, सफाई आणि कंबलपोष बाबांच्या उरुसांतील यात्रेची सोय हीं कामें कोणत्याहि काळीं गांवींच करावीं लागणार. ७३ व ७४ या घटनादुरुस्त्यांनीं १९९३ पासून अशा संस्थांस घटनात्मक स्थान दिलें. परंतु नगरपालिकांची जकात महाराष्ट्रानें १९९९ सालीं उठविली व तिच्या जागीं अनुदान आलें. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू होतांच मुंबई महानगरपालिकेचीहि जकात संपली आणि तिच्या भरपाईसाठीं राज्यास कायदा करावा लागला. १५ व्या वित्त आयोगानें २०२१-२६ साठीं विभाज्य करांचा ४१ टक्के भाग राज्यांस द्यावा असें सुचविलें. पण केंद्राचे उपकर व अधिभार या वांटणींत येत नाहींत. याच आयोगानें ग्रामीण संस्थांच्या अनुदानापैकीं ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांकरितां बांधून दिली. हेतु चांगला, पण व्यय ठरविणारा येथेंहि दूरच आहे. वर्गणी गेली, अनुदान आलें. क्रम मात्र मेस्टनच्या काळींच राहिला आहे. गांवची सेवा हीच नीवी झाली.

संग्राहकांस एक विनंति करणें प्राप्त आहे. आपण सनदा, फर्मानें व पोथ्या जपतों. लोकलबोर्डाचीं अंदाजपत्रकें, जकातनाक्यांचीं पावतीपुस्तकें, ग्रामपंचायतींचे नमुने यांस मात्र रद्दीचा भाव देतों. कायदा काय म्हणतो तें छापील ग्रंथांत मिळेल. परंतु कोणत्या वर्षीं शाळेचें छप्पर राहून गेलें आणि कोणत्या वर्षीं विहिरीचा गाळ निघाला, हें त्या रद्दींतच सांपडेल. यवतमाळ जिल्ह्यांतील अशीं दप्तरें जेथें असतील तेथें त्यांची यादी तरी करावी. हा पुरावा एकदां गेला म्हणजे गांवचा व्यय कधीं आणि कसा नीवी झाला हें कोणासहि दाखवितां येणार नाहीं.