उवांची फणी आणि कनानी माणसं

हस्तिदंताची एवढीशी फणी, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. इस्रायलमधल्या लाखीशच्या उत्खननात ती २०१६ मध्ये सापडली, पण तिच्यावरची पुसट अक्षरं लक्षात यायला आणखी काही वर्षं गेली. अक्षरं १७, आणि मागणं काय? या फणीनं डोक्यातल्या नि दाढीतल्या उवा निघोत! सुमारे ३७०० वर्षांपूर्वीचं हे घरगुती गाऱ्हाणं कनानी वर्णमालेतलं सर्वांत जुनं पूर्ण वाक्य मानलं जातं. फणीच्या एका दातावर उवेचे अवशेषही मिळाले.

कनानी म्हणजे आजच्या इस्रायल, पॅलेस्टाईन, लेबनॉन, जॉर्डनच्या पट्ट्यातले प्राचीन लोक. त्यांचं एकसंध राज्य कधीच नव्हतं. हासोर, मगिद्दो अशी नगरराज्यं होती. त्यांचे राजे शेजाऱ्यांच्या चहाड्या मातीच्या पाट्यांवर लिहून इजिप्तच्या फेरोकडे धाडत.

ते आले कुठून? २०२० मध्ये ७३ प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएवरून उत्तर मिळालं: तिथलेच नवाश्मयुगीन शेतकरी आणि इराणकडच्या झाग्रोस पर्वतरांगा नि कॉकेशसकडून आलेले लोक यांचं हे मिश्रण. बायबलमध्ये त्यांच्या संहाराची आज्ञा आहे. पण लेबनॉनमधल्या सिदोनच्या पाच प्राचीन कनानी सांगाड्यांवरचा २०१७ चा अभ्यास सांगतो, की आजच्या लेबनीज लोकांचा ९० टक्क्यांहून अधिक वारसा कनानीच आहे. किनाऱ्यावरच्या कनान्यांनाच ग्रीकांनी फिनिशियन म्हटलं.

कनान्यांची वर्णमाला बैलाच्या डोक्याच्या चित्रापासून सुरू व्हायची. रोमन 'ए' उलटा धरून पाहा, शिंगं अजून दिसतात.