मेंदूतील रक्ताल्पता आणि मज्जापेशींचा मृत्यू

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. परंतु विश्रांतीतही शरीराच्या एकूण प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटा वापरतो, आणि इंधनाचा साठा त्याच्यापाशी जवळजवळ नसतोच. १०० ग्रॅम मेंदूतून मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त वाहते. हा प्रवाह २० मिलिलिटरच्या खाली उतरला की मज्जापेशींचे विद्युत्कार्य मंदावून थांबते. पेशी मात्र जिवंत राहते. तो १० च्या आसपास आला की ऊर्जेअभावी पेशीपटलावरील आयन-पंप बंद पडतात. सोडियम आत शिरते, पोटॅशियम बाहेर पडते व पेशी फुगते. याच वेळी बाहेर साचलेले ग्लुटामेट शेजारच्या पेशींना अतिउत्तेजित करते. त्यामुळे त्यांच्यात घुसलेले कॅल्शियम प्रथिने व मेद यांचे विघटन करणाऱ्या विकरांना चेतविते. तात्पर्य, मज्जापेशी केवळ उपासमारीने नव्हे, तर मेंदूच्याच संदेशवाहक द्रव्याच्या अतिरेकानेही मरते.

या दोन मर्यादांमधील मूक पण जिवंत प्रदेशाला अस्त्रुप, सिस्यो व सायमन यांनी १९८१ मध्ये ‘उपच्छाया’ ही संज्ञा योजिली. रक्तवाहिनी वेळीच मोकळी झाल्यास हा प्रदेश पुन्हा कार्यक्षम होऊ शकतो. विलंब झाल्यास तोही मृत गाभ्यात विलीन होतो. पक्षाघाताच्या तातडीच्या उपचारांचे शास्त्रीय अधिष्ठान हेच होय.